तेल लावलेल्या सळया

सोमवार, २४ नोव्हेंबर १९५८

आणि वर तोंड करून मला सांगतो, सळयांना वास येतो. अरे, तू काय त्या तळून खाणार हायस? बाळाजी ठेकेदाराने आज वखारीच्या दारात उभं राहून चार गिऱ्हाइकांदेखत मला ऐकवलं. म्हणे, "सोनूबाई, तुमच्या सळया शाळेच्या सेंट्रिंगवर मांडल्या तर गावची सगळी मांजरं चाटायला आली. माझी माणसं काम सोडून हसत बसली." मी म्हटलं, "मांजरांना कळतं, तुला कळत न्हाय. जा दुसऱ्याकडं, पापुद्रे निघालेल्या सळया घे. त्यांना कुत्रंबी हुंगणार न्हाय."

चांगलं करावं तर हे असं. पावसाळ्यात मुंबईहून मचवा येत नाही, म्हणून सगळा माल मे महिन्यात भरून ठेवावा लागतो. खाडीचं वारं असं की आठ दिवसांत लोखंड तांबडं होतं. दुसऱ्यांच्या वखारीत जाऊन बघा. माझ्याकडे गर्डर, अँगल, चॅनेल, सळया, सगळं काळंभोर आहे, कारण मी कोळीवाड्यातून मुशी माशाच्या काळजाचं तेल आणलं. होड्यांना लावतात तेच. जेठात मी स्वतः छत्री घेऊन उभी राहिले, एक नग सुटू दिला नाही. दसऱ्याला परत एक हात मारून घेतला. होडी त्या तेलावर वीस वर्षं समुद्रात टिकते, मग लोखंड का नाही टिकणार?

ही वही मुंबईच्या दारूखान्यातल्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने ह्यांना दिली होती. हे तिथेच नोकरीला, तिथून माल पाठवतात, वखार मी बघते. माझी शाळा दुसरीपर्यंतची, पण लिहिल्याने डोकं थंड होतं. घरात ओरडायला कोणी नाही.

बाळाजी शेवटी त्याच सळया ठेवून घेतोय. जाईल कुठे. गुरुवारी स्लॅब आहे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

कन्याशाळेचा स्लॅब ओतून झाला. गावातलं पहिलं सपाट छप्पर. तीन खोल्या, खाली बल्ल्यांचे टेकू असे दाट की माणूस आडवा होऊन जाईल. कमिटीचे अध्यक्ष वाडीवाले दादा, सुपारीच्या बागा असलेले, त्यांनी नारळ फोडला. बायका घमेली घेऊन शिडीवर, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. मी उभी राहून बघितलं. माझ्या वखारीचा माल गावच्या डोक्यावर चढला असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गवंडी सळया बांधताना म्हणत होता, हातातून सटकतायत. मी म्हटलं, नीट धर.

रविवार, ३० नोव्हेंबर

सदा मिस्त्री आला होता. माझ्या माहेरच्या गावचा, मुंबईला गोदीच्या बांधकामावर तीस वर्षं होता, आता चौलला घर करून राहिलाय. विहिरीच्या रहाटाला अँगल पाहिजे होता. सळयांच्या ढिगावर टेकला, मग हात धोतराला पुसला, परत ढिगाला लावून बघितला.

"सोनू, हे काय लावलंस?"

मी सांगितलं. जरा मिजाशीत सांगितलं.

"गर्डरला ठीक हाय. अँगलला ठीक. सळया कशाला माखल्यास? या स्लॅबला दिल्या न्हाईस ना?"

"दिल्या. का?"

तो गप्प बसला. मला गप्प बसणारी माणसं आवडत नाहीत. मी म्हटलं, "बोल की, जीभ विकून आलास?"

मग बोलला. काँक्रीट सळईला धरून बसतं म्हणून स्लॅब उभा राहतो. एकट्या काँक्रीटला ताण सोसत नाही, तो सळई घेते. तेल असेल तर काँक्रीट धरत नाही. "थोडा गंज चांगला, बाय. गंजाला दात असतात. ओली मुशी हातात धरून बघ कंदी."

मी त्याला सांगितलं की तुझ्या गोदीतल्या गोष्टी गोदीत ठेव. अँगल दिला आणि पाठवला. संध्याकाळी जेवण गेलं नाही. उगाच. भाकरी करपली होती.

सोमवार, १ डिसेंबर

मला कुणाच्या तोंडी गोष्टी पटत नाहीत. घासलेटचे दोन रिकामे छोटे डबे घेतले. एकात विहिरीमागची गंजकी सळई उभी केली, एकात ढिगातली तेलाची. दोघींभोवती सारखंच काँक्रीट भरलं, ठमीने माझ्यासमोर कालवलं. ठमी वखारीत माल उचलायला आहे, तोंडाने फटकळ. म्हणते, "वैनी, आता लोखंडाची रोपं लावताव का?" भागोजीने डबे सावलीत नेऊन ठेवले. भागोजी ह्यांच्या वयाचा, वखार सुरू झाली तेव्हापासूनचा. कुठला नग कुठल्या ढिगात ते त्यालाच ठाऊक.

सात दिवस ठेवायचे.

बुधवार, ३ डिसेंबर

डब्यांना दोन वेळा पाणी घातलं.

गुरुवार, ४ डिसेंबर

आज सुचलं आणि जिवात जीव आला. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची, सळयांचे माझ्याकडे दोन ढीग. एक मे महिन्यातला, तेलाचा, टोकाला होडीचा लाल रंग. दुसरा दसऱ्यानंतर आलेला, त्याला तेल लावायला सवडच झाली नाही, टोकाला निळा. शाळेला निळ्यातल्याही गेल्या असतील, निम्म्या तरी. मी भिंतीवर कोळशाने रेघा मारून ठेवते, त्या मोजल्या. लाल आल्या एकशेचाळीस. निळ्या ऐंशी. शाळेला गेल्या शहाण्णव.

ढीग स्वतः मोजले. निळ्या ऐंशीच्या ऐंशी आहेत. लाल उरल्यात चव्वेचाळीस.

भागोजीला विचारलं, निळ्यातल्या एकपण का नाही काढलीस? म्हणाला, "जुना माल आधी. तुमीच सांगितलाव ना वैनी. भात असो, सुकट असो, जुना आधी."

सांगितलं होतं. रोज सांगते.

पण एक आहे, बाळाजीने मांडताना पुसल्या असतील. वासाने एवढा कंटाळला होता तर पुसल्याच असतील.

सोमवार, ८ डिसेंबर

डबे फोडले. पत्रा सोलून काढला, आत दोन चांगले घट्ट ठोकळे. गंजक्या सळईला दोर बांधून दुसरं टोक माडाला. भागोजी आणि दोन हमाल ठोकळ्याला धरून मागे लोंबकळले. माड हलला, सळई हलली नाही. ठोकळा अख्खा उचलून आला पण तिने सोडलं नाही.

मग दुसरी. मी दोर आणायला वळले तेवढ्यात ठमीने नुसती हाताने पिळली. फिरली. कुलपात चावी फिरावी तशी. ठमी हसली आणि मग माझ्याकडे बघून हसायची थांबली.

मी पण फिरवली. तीन वेळा.

मंगळवार, ९ डिसेंबर

भागोजीच्या डोक्यावर ठोकळा देऊन बाळाजीकडे गेले. तो शाळेवर होता. स्लॅबवर भाताच्या वाफ्यांसारखे मातीचे बांध घालून पाणी भरलेलं, छान थंड वाटत होतं खाली. टेकूंमधनं वाकून वाकून गेले. त्याला सळई फिरवून दाखवली.

"पुसल्या होत्यास का?" मी विचारलं.

"शहाण्णव सळया पुसत बसू? पदराला पुसल्या असत्या तुमी." मग ठोकळा हातात घेतला. "हे डब्यातलं काम हो सोनूबाई. माझ्या सळयांना टोकाला वाकवून आकडे केलेत. आकडा अडकतो. पडायचं न्हाय काय."

"नक्की न्हाय पडायचं, की न्हाय पडायचं असं नुसतं वाटतंय?"

"गुरुवारी, अठराला, टेकू निघणार. एकवीसला मुंबईचा पाव्हणा येणार उद्घाटनाला. आता काय, स्लॅब तोडू? शिमिट परत कुठनं आणू, परमिटाशिवाय पोतं न्हाय मिळत. आन तोडला तर लोक विचारतील का तोडला. तुमचंच नाव निघेल. सळयांचा कोटा गेला तर वखारीत शेवाळ विका." मग म्हणाला, "आन तेल लावायची अक्कल कुणाची?"

मी म्हटलं, "भागोजीची. मी गर्डर-अँगलला लाव म्हटलं होतं. सळयांना कुणी सांगितलं?"

भागोजी मागेच उभा होता, डोक्यावर आता नुसती चुंबळ. म्हणाला, "व्हय. म्याच लावला. माझी चूक झाली."

येताना रस्ताभर मी त्याला बोलले. त्याने ऐकून घेतलं. घरी जा म्हटलं, परत तोंड दाखवू नको.

बुधवार, १० डिसेंबर

भातगिरणीवाला आला, त्याला चॅनेल पाहिजे होती. अर्धा तास शोधली. चॅनेलवर पत्रे, पत्र्यांवर अँगल, कुणी कुठे काय ठेवलंय. ठमीला ओरडले तर म्हणते, "मला काय इचारताव? ज्याला ठाव तो घरी हाय." जरा वेळाने परत, "जेठात वरनं पाणी पडत व्हतं आन तुमी छत्रीतनं ओरडत व्हताव, सळया उलट्या करा, खालनंपण लावा. आमी समदे व्हतो तिथं."

मी म्हटलं, तुलाही घरी जायचंय का?

ती म्हणाली भागोजी घरी नसतोच. रोज संध्याकाळी शाळेवर जातो, टेकूंना हात लावून बघतो, एखादा ढिला असला तर पाचर मारतो. म्हणजे बाळाजीकडे काम धरलं बघा. वीस वर्षं खाल्लेलं अन्न एका दिवसात विसरला.

शुक्रवार, १२ डिसेंबर

मंगळवारी ह्यांना पत्र टाकलं होतं, उत्तर आलं. लिहितात, 'गप्प राहणे. माल विकला की आपली जबाबदारी संपली. सळईला तेल होते याचा पुरावा काँक्रीटच्या पोटात गेला आहे. ते ठोकळे खाडीत टाकून देणे. इथे कोट्याचे कागद वर गेले आहेत, अशा वेळी नाव निघता कामा नये.' खाली तब्येत सांभाळणे.

दोन वेळा वाचलं. बरोबर आहे त्यांचं. हे शिकलेले आहेत.

ठोकळा उचलून खाडीपर्यंत गेले. ओहोटी होती. चिखलात टाकला असता तर सकाळी तसाच दिसला असता. परत आणला.

शनिवार, १३ डिसेंबर

वाडीवाल्या दादांकडे गेले. ते सुपारी सोलून घेत होते. सगळं सांगितलं, फक्त तेल कुणी लावलं ते नाही. सदा मिस्त्रीला बरोबर नेलं होतं. त्याने सांगितलं की टेकू काढायच्या आधी दर खोलीला एक लोखंडी गर्डर भिंतीत खोचून स्लॅबखाली घाला, वर पोलादी पाचरी मारा, म्हणजे स्लॅब पडायचा म्हटला तरी गर्डरवर बसेल. मग वर वाळूची पोती रचून दोन दिवस बघा, खाली कुणी फिरकायचं नाही. अलिबागच्या ओव्हरसियरला बोलवा, तो सांगेल ते शेवटचं.

दादा म्हणाले, "पाहुण्यांची तारीख तीन महिन्यांनी मिळाली आहे. मध्येच लोखंडाची तुळई दिसली तर काय सांगू? आणि बाई, बाळाजी वेगळंच सांगतो. तो म्हणतो सळया उत्तम होत्या, तुमच्या नोकराशी तुमचं भांडण आहे म्हणून तुम्ही हे काढलंत."

"सळई फिरवून बघा की."

"मी काय मिस्त्री आहे? तुमचं काही म्हणणं असेल तर लेखी द्या. कमिटीपुढे ठेवू." आणि हसले जरा. मला लिहिता येतं हे त्यांना ठाऊक नसावं.

सदा वाटेत म्हणाला, "लेखी द्यायचं तर कुणी लावलं ते पयलं लिव. न्हायतर बाळाजी तिथंच धरेल तुला." मी चौलच्या फाट्यापर्यंत त्याच्या चार पावलं पुढेच चालले.

रविवार, १४ डिसेंबर

भागोजीच्या घरी गेले. पहिल्यांदाच. वीस वर्षांत त्याचं घर कुठे ते विचारून जावं लागलं. तो ओटीवर मासे धरायचं पाग विणत बसला होता. मला बघून उठला.

"कशाला आलाव वैनी?"

"चॅनेल कुठं हायत ते कुणाला कळत न्हाय."

"पत्र्यांच्या मागं. डाव्या हाताला. मी सांगून आलो व्हतो ठमीला."

ठमी मला हे बोलली नाही. बघून घेईन.

मी उभीच राहिले. त्याने बस म्हटलं नाही, की म्हटलं आणि मी ऐकलं नाही. मग म्हटलं, "तेल मी लावायला सांगितलं होतं."

"ठाव हाय."

"मग त्या दिवशी माझी चूक म्हणून का बोललास?"

त्याने पागाची गाठ ओढली. "तुमचं नाव निघालं तर वखार जाते. माझं नाव निघालं तर काय जातं?"

"आन बाळाजीकडं पाचरी मारायला का जातोस? पगार देतो का तो?"

"पगार कशाचा." तेवढ्यात आतून एक पोरगी आली, सात-आठ वर्षांची, पाण्याचा तांब्या घेऊन. "ही केसर. लेकीची. शाळेत नाव घातलंय तिचं. पयल्या खोलीत बसणार."

पाणी प्यायले. केसरने विचारलं, "आजी, तुमीच का लोखंडवाल्या?" मी हो म्हटलं. मग तिला पाढे विचारले. तीनचा म्हणाली, चुकली, मी तिला सुधारलं. मला तीनचा येतो.

भागोजीला म्हटलं, उद्यापासून ये. तो म्हणाला, "सहा इंची गर्डर चार हायत, गिरणीवाल्यासाठी राखलेले. लांबी बसते. म्या सुतळीनं मापली. हलवायला आठ माणसं लागतील." मापूनसुद्धा आला होता. मला न विचारता.

गिरणीवाल्याचे गर्डर त्याच्या परमिटावरचे. ते शाळेत घातले तर तो बोंब मारेल, आणि ह्यांचे वर गेलेले कागद खाली येतील. हे मी भागोजीला सांगितलं. तो म्हणाला, "व्हय." आणि पाग विणायला लागला. त्याचं हे मला आवडत नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

सकाळपासून तीन कागद फाडले. चौथा चांगला उतरला. भागोजीच्या हाती दादांकडे पाठवला, एक तसाच बाळाजीला, एक सदाबरोबर अलिबागला ओव्हरसियरला. ह्यांना अजून पाठवला नाही. उद्या पाठवीन, म्हणजे पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जाईल. काय लिहिलं ते इथे उतरवून ठेवते, उद्या कुणी म्हणायला नको की बाई असं बोललीच नाही.

'कन्याशाळा कमिटीस. मी सोनूबाई, वखारवाली, लिहिते की शाळेच्या स्लॅबमध्ये ज्या शहाण्णव सळया गेल्या त्या माझ्या वखारीतल्या. त्यांना मुशीचं तेल मी लावायला लावलं. उभी राहून लावून घेतलं. भागोजीने लावलं असं मी बाळाजीला सांगितलं ते खोटं होतं. तेलाची सळई काँक्रीटमध्ये सुटते, हे मी डब्यात भरून बघितलं आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने वखारीत येऊन फिरवून बघावी.

आकड्यांवर स्लॅब राहील असं बाळाजी म्हणतो. राहील पण. मला कळत नाही आणि त्यालाही कळत नाही. ज्याला कळतं त्याला बोलवा.

माझ्याकडे सहा इंची चार गर्डर आहेत. ते दुसऱ्याच्या नावाचे आहेत, त्याचं मी बघून घेईन. तीन शाळेला देते, माणसं माझी, पाचरी माझ्या. मला काही नको. अट एकच, ओव्हरसियर येऊन वाळू चढवून बघेपर्यंत एक टेकू हलवायचा नाही, आणि तोवर उद्घाटन नाही. पाहुण्याला तार करा. तार लिहायला माणूस नसेल तर मी लिहीन.

तुम्ही गप्प बसलात तर गुरुवारी सकाळी मी शाळेच्या फाटकात ठोकळा मांडून बसेन. ज्या ज्या घरची मुलगी या शाळेत बसणार आहे, त्या घरच्या आईला ती सळई हाताने फिरवायला देईन. मग त्या काय म्हणतात ते तुम्ही ऐका.

हो की नाही ते बुधवारी, सतरा तारखेला, दिवेलागणीच्या आत कळवा. निरोप नको, लिहून द्या, खाली दादांची सही पाहिजे.'